येत जा हं असेच!

पाहुणा तिसऱ्या दिवशीही मुक्काम हलवत नसेल, तर त्याची अक्कल काढणारी म्हण ज्या भाषेत आहे, त्याच भाषेत हल्ली पाहुणा रोज कसा येईल, आलाच तर बूड टेकून कसा बसेल आणि गेला तरी संध्याकाळी पुन्हा कसा टपकेल, याचे वर्ग चालतात. लोक फी भरून त्या वर्गांना बसतात. अर्थात हा पाहुणा हाडामांसाचा नाही. त्याला चहा-पोहे लागत नाहीत, अंथरूण घालावे लागत नाही, आणि निघताना तो मुलांच्या हातात दहाची नोटही ठेवत नाही. तो वेबसाइटवर येतो. सरकारी मराठीत त्याला अभ्यागत म्हणतात, धंद्यातल्या मराठीत व्हिजिटर, आणि त्याच्या पानात जे वाढायचे त्याला म्हणतात कंटेंट. मराठी शब्दकोशात हा शब्द घ्यायचा झाला, तर तो 'कंटाळा'च्या पाठोपाठ येईल. हा दोष निव्वळ वर्णमालेचा.

१९९६ च्या जानेवारीत बिल गेट्स यांनी एक लेख लिहिला आणि मथळ्यातच कंटेंटला राजा करून टाकले. राजा ठरला म्हटल्यावर भालदार-चोपदार आले, कंटेंट रायटर आले, कंटेंट मॅनेजर आले, आणि कोणाला काही करायचे नसेल तर त्याने काय करायचे हे ठरवणारे कंटेंट स्ट्रॅटेजिस्टही आले. प्रजा मात्र दरबारात डोकावते आणि राजाकडे ओझरते बघून निघून जाते. हे ओझरते बघणे किती ओझरते, ते जेकब नील्सन या तज्ज्ञाने १९९७ मध्येच तपासले होते. त्याच्या पाहणीत नवे पान नुसते चाळणारे निघाले ७९ टक्के; शब्द न् शब्द वाचणारे फक्त १६. पुढे २००६ मध्ये त्याच्या मंडळींनी २३२ माणसांच्या नजरेचा माग काढला, तेव्हा ती इंग्रजी एफ अक्षराच्या वाटेने फिरते असे दिसले. वर एक लांब आडवी रेघ, खाली जरा आखूड दुसरी, आणि मग डाव्या कडेने सरळ घसरगुंडी. मराठी माणसाला यासाठी प्रयोगशाळा लागली नसती. लग्नपत्रिका आपल्याकडे पूर्वापार अशीच वाचतात: वर वधूवरांची नावे, त्याखाली मुहूर्त, आणि मग 'आपले नम्र'च्या यादीतून घसरत आपल्या काकांचे नाव घातले आहे की गाळले आहे, एवढाच शोध.

तालुक्याच्या गावातल्या एखाद्या पतसंस्थेची वेबसाइट उघडून पाहावी. पहिल्या चित्रात दोन गोरे गृहस्थ कोट घालून हस्तांदोलन करत असतात. त्यातला सभासद कोण आणि कर्जदार कोण, हे शेवटपर्यंत कळत नाही. त्याखाली अध्यक्षांचे मनोगत, मग अध्यक्ष फीत कापताना, मग अध्यक्षांना कोणीतरी शाल घालताना. माथ्यावरून 'आपले सहर्ष स्वागत आहे' ही ओळ उजवीकडून डावीकडे अखंड वारी करत असते. २०१७ च्या वार्षिक सभेच्या सूचनेपुढे 'नवीन' हा शब्द अजून लुकलुकतो आहे. तळाला सात आकडी गणकयंत्र सांगते, की आपण अमुक इतकावे अभ्यागत आहात; त्यातले निम्मे तरी अध्यक्षांचा भाचाच असावा, कारण वेबसाइट त्यानेच केलेली असते आणि गणकयंत्र चालते की नाही हे त्याला सारखे बघावे लागते. आलेल्या माणसाला हवा असतो फक्त फोन नंबर. तो संस्थेच्या पाटीच्या फोटोत असतो. बोट लावून फोन लागत नाही. कागद-पेन्सिल घेऊन उतरवून घ्यावा लागतो. असा पाहुणा परत कशाला येईल? त्याने नंबर उतरवून घेतला, की संबंध संपला.

मग लोक परत येतात कशाला? याचे उत्तर इंटरनेटच्या इतिहासात फार लवकर मिळाले होते, आणि ते इतके साधे होते की कोणाच्या ध्यानात राहिले नाही.

इंग्लंडमधल्या केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत ट्रोजन रूम नावाची खोली होती. तिच्याजवळ कॉफीचे एक यंत्र होते आणि त्या एका यंत्रावर वेगवेगळ्या मजल्यांवरचे संशोधक जगत होते. वरच्या मजल्यावरचा विद्वान जिने उतरून, कप हातात घेऊन यायचा आणि भांडे रिकामे बघून परत जिने चढायचा. आपल्याकडे असे झाले असते, तर "बाळू, चहा झाला का रे?" अशी जिन्यातूनच हाक गेली असती आणि विज्ञानाची प्रगती तिथेच खुंटली असती. केंब्रिजच्या लोकांना हाक मारण्याचा संकोच. म्हणून १९९१ मध्ये क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर आणि पॉल यार्देत्स्की यांनी कॉफीच्या भांड्यावर कॅमेरा रोखला आणि त्याचे चित्र सगळ्यांच्या पडद्यावर आणून सोडले. चित्र करड्या रंगाचे, आडवे १२८ ठिपके आणि उभे १२८ ठिपके, मिनिटाला तीनेक वेळा बदलणारे. १९९३ मध्ये ते वेबवर गेले आणि सगळ्या जगाला खुले झाले.

आणि जग आले! ज्यांना त्या भांड्यातली कॉफी आयुष्यात कधी मिळणार नव्हती, असे लक्षावधी लोक भांडे भरले आहे की रिकामे ते पाहायला पुन्हा पुन्हा येत राहिले. जपानहून विनंती आली, की आमचा दिवस असतो तेव्हा तुमच्याकडे अंधार असतो, तर रात्री एखादा दिवा चालू ठेवता का? केंब्रिजला आलेले पर्यटक पर्यटन कार्यालयात जाऊन कॉफीचे भांडे कुठे आहे, असे विचारू लागले. शेकडो वर्षांची देखणी महाविद्यालये सोडून! संगणकवाल्यांच्या विनोदबुद्धीलाही उकळी फुटली. १९९८ च्या १ एप्रिलला इंटरनेटवरून कॉफीचे यंत्र चालवण्याची एक गंभीर चेहऱ्याची नियमावली निघाली. तिच्यात अशी सोय आहे, की चुकून किटलीकडे कॉफी मागितली, तर किटलीने ४१८ हा क्रमांक सांगून 'मी किटली आहे' असे कळवावे.

प्रयोगशाळेची जागा बदलायची ठरली, तेव्हा २२ ऑगस्ट २००१ रोजी कॅमेरा बंद केला. त्या वेळी वापरात असलेले क्रुप्स कंपनीचे यंत्र लिलावात ३,३५० पौंडांना गेले. घेतले जर्मनीतल्या श्पीगेल ऑनलाइन या बातमी-वेबसाइटने. आता ते पाडरबॉर्नच्या संगणक संग्रहालयात आहे. आपल्याकडच्या मोडक्या मिक्सरला भंगारवाला किती देतो, याचा विचार या ठिकाणी न करणे बरे.

त्या भांड्यात असे होते तरी काय? मनोगत नव्हते, घोषवाक्य नव्हते, रंगसुद्धा नव्हता. दर वेळी पाहताना एका बारीकशा प्रश्नाचे खरे उत्तर मिळत होते आणि मघाचे उत्तर आता चालत नव्हते. बस्स, एवढेच. परत येण्याचे कारण मजकुरात नव्हतेच, ते पातळीत होते.

हे भांडे वेबवर आले त्याच सुमारास अमेरिकेत लू माँटुली नावाचा एक तरुण नेटस्केप या ब्राउझर-कंपनीत काम करत होता. या एकट्या माणसाने पाहुण्याला पळवून लावण्याचे, पाहुण्याला ओळखून ठेवण्याचे आणि पाहुण्याला परत बोलावण्याचे, असे तिन्ही शोध लावले किंवा निदान लागायला कारण झाला. पळवून लावण्याचा शोध म्हणजे लुकलुकणारी अक्षरे. माउंटन व्ह्यू गावच्या एका बारमध्ये बसल्या-बसल्या तो गमतीने म्हणाला, की नुसतीच अक्षरे दाखवणाऱ्या ब्राउझरांना नव्या करामतींमधली एखादी जमलीच, तर ती अक्षरे लुकलुकवण्याची. सकाळी येऊन बघतो तो सहकाऱ्याने रात्रभर जागून ती गंमत खरी केलेली. बारमधल्या गप्पा सकाळी विसरायच्या असतात, हा शिरस्ता न पाळल्याने पुढे जगाचे डोळे दुखले. फायरफॉक्सने २०१३ मध्ये ही सोय काढून टाकली. आपल्या पतसंस्थेच्या 'नवीन'ने मात्र चित्राच्या रूपाने पुनर्जन्म घेतलेला आहे आणि त्याला मोक्ष नाही.

ओळखून ठेवण्याचा शोध म्हणजे कुकी. १९९४ मध्ये माँटुलीने ती तयार केली आणि तिला पहिले काम लावले ते हे, की नेटस्केपच्या वेबसाइटवर आलेला माणूस आधी कधी येऊन गेला आहे का, ते बघायचे. पाहुण्याच्या खिशात नकळत एक चिठ्ठी सरकवायची आणि तो परत आला, की चिठ्ठी काढून "अरे, तुम्ही होय!" म्हणायचे. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांना याचे काडीचे नवल वाटणार नाही. तिथे घाटावर पाऊल ठेवताच "आडनाव काय? गाव कोणते?" अशी चौकशी होते आणि पाच मिनिटांत पणजोबा कोणत्या साली कोणाचे अस्थिविसर्जन करायला आले होते, ते वहीतून बाहेर येते. सात पिढ्यांचा परतीचा पाहुणा राखणारी ही यंत्रणा विजेशिवाय चालते. फरक एकच, उपाध्याय ती वही दुसऱ्याला विकत नाहीत.

आणि माँटुलीचा तिसरा उद्योग म्हणजे १९९४ चा फिशकॅम. कार्यालयातल्या माशांच्या टाकीवर लावलेला कॅमेरा. मासे काय करत होते? पोहत होते. लोक परत परत येऊन ते पोहताहेत ना, याची खात्री करून घेत होते.

ज्यांना मासे आणि कॉफी यांत रस नव्हता, त्यांच्यासाठी क्रिकेट होते. १९९३ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात काम करणारा सायमन किंग हा इंग्रज संशोधक क्रिकेटवाचून तळमळत होता. अमेरिकेत क्रिकेट म्हणजे एक कीटक. त्याच्यासारखीच तळमळ होणारे भारतीय, पाकिस्तानी, श्रीलंकेचे विद्यार्थी तिथल्या विद्यापीठांत ढिगाने होते. त्यातून क्रिकइन्फो ही वेबसाइट उभी राहिली. कोणीतरी कुठेतरी सामना पाहत किंवा रेडिओवर ऐकत बसायचे आणि चेंडूमागून चेंडू टंकत राहायचे. जगभरचे लोक तो मजकूर वाचून उड्या मारायचे. २००७ मध्ये ईएसपीएनने ती विकत घेतली. पण तिची खरी आजी म्हणजे आपल्या गल्लीच्या तोंडाशी असलेली पानाची गादी. तिथे काळ्या पाटीवर खडूने स्कोअर लिहिलेला असायचा आणि ऑफिसला जाणारा, ऑफिसातून येणारा, ऑफिसातून मधेच सटकलेला, प्रत्येक जण पाटीवर नजर टाकल्याशिवाय पुढे जात नसे. त्या पानवाल्याने पाटीवर 'तेंडुलकरने पुढच्या चेंडूवर जे केले ते पाहून थक्क व्हाल' असे कधी लिहिले नाही. आकडा पुसला, नवा आकडा लिहिला आणि पुढच्या पानाला चुना लावला. चुना फक्त पानालाच.

परदेशातल्या मराठी माणसासाठी १९९६ मध्ये मायबोली ही वेबसाइट सुरू झाली. तो काळ युनिकोडपूर्व अंधाराचा. मराठी वर्तमानपत्रे वेबवर येऊ लागली खरी, पण प्रत्येकाचा फॉन्ट निराळा. आधी आमचा फॉन्ट उतरवून घ्या, मग आमचे वाचा. म्हणजे घरी आलेल्या पाहुण्याला दारातच सांगायचे, की आमच्याकडे फक्त आमच्याच चष्म्यातून दिसते. फॉन्ट नसेल, तर अग्रलेखाच्या जागी उद्गारचिन्हे, कंस आणि टक्क्यांच्या खुणा यांची खिचडी दिसायची. (काही अग्रलेखांत त्यामुळे फार फरक पडत नसे.) तरी लोक रोज येत. बोस्टनमध्ये बर्फ पडत असताना पुण्यातल्या वाहतुकीच्या बातम्या वाचून व्याकूळ होणे, हा एक स्वतंत्र मराठी आजार आहे.

सध्याच्या महाराष्ट्रात मात्र परत येण्याजोगा सर्वांत यशस्वी मजकूर कोणता, याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही. तो म्हणजे जुलै महिन्यातला धरणांच्या पाणीसाठ्याचा तक्ता.

पुणेकराला घ्या. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही चार नावे त्याला चार भावंडांसारखी असतात. चौघांची मिळून क्षमता २९.१५ टीएमसी, म्हणजे तितके अब्ज घनफूट. हा आकडा ज्याला पाठ नाही त्याला पुण्यात भाड्याने घर देताना लोक विचार करतात. मे महिन्यात जो गृहस्थ घरातल्या टाकीची क्षमता विचारली तर बायकोकडे बघतो, तोच जुलैत "काल सायंकाळपासून दीड टीएमसी वाढलं, आता मुठेत पंधरा हजार क्युसेकनं विसर्ग करतील बघा" असे जलसंपदा खात्याच्या अधीक्षक अभियंत्याच्या आवाजात सांगतो. पुढचे मोजमाप भिडे पुलाकडे. पूल पाण्याखाली गेला, की पाऊस झाला. तोवर नुसती भुरभुर.

मुंबईकराचे सात तलाव: अप्पर वैतरणा, मोडक सागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार आणि तुळशी. सातांची क्षमता १४ लाख ४७ हजार ३६३ दशलक्ष लिटर. यातले विहार आणि तुळशी हे शहराच्या हद्दीतले धाकटे. ते भरून वाहू लागले, की बातमी अशी येते जणू घरातला लहान मुलगा परीक्षेत पहिला आला. जाणकार मात्र हळूच विचारतात, "ते ठीक आहे, पण भातसाचं काय?" कारण खरी भिस्त थोरल्यावर असते. सकाळी सहाचा आकडा, कालचा आकडा आणि गेल्या वर्षी याच दिवशीचा आकडा, असे तीन रकाने. शेजारी पाणीकपातीची टांगती तलवार. या तक्त्याला मथळा नसला तरी चालते, चित्र नसले तरी चालते. ज्यांना घर सोडून दहा वर्षे झाली, जे नळ कॅलिफोर्नियातला वापरतात, तेही सकाळी उठून पानशेत किती टक्के झाले ते बघतात. एकाही कंटेंट स्ट्रॅटेजिस्टला हे सुचले नसते. सुचले असते, तर त्याने तक्त्याचे बारा फोटो करून 'पुढे पाहा'चे बाण लावले असते.

इथे एक भेद करायला हवा. काही वेबसाइटींवर माणूस परत येतो तो प्रेमाने नव्हे, नाइलाजाने. दहावीच्या निकालाच्या दिवशी दुपारी एक वाजता लाखो घरांत एकच पान पुन्हा पुन्हा उघडले जाते, कारण ते उघडत नाही. तत्काळ तिकिटासाठी सकाळी दहा किंवा अकरा वाजता, वातानुकूलित की साधे यावरून, जो कुंभमेळा भरतो त्याला कोणी वाचकांचे प्रेम म्हणू नये. आकडेवारीत मात्र ही सगळी गर्दी 'परतीचे अभ्यागत' म्हणूनच मोजली जाते, आणि बैठकीत त्याबद्दल टाळ्याही वाजतात.

नाइलाजाचा पाहुणा नाही आणि प्रेमाचाही नाही, अशांना ओढून आणण्याचा धंदा म्हणजे मथळा. अपवर्दी नावाच्या अमेरिकी वेबसाइटचा २०१२ मध्ये जन्म झाला. तिचा नियम असा होता, की प्रत्येक लेखाला २५ मथळे लिहायचे आणि त्यातून एक निवडायचा. लेख एक, मथळे पंचवीस. आपल्याकडे बारशाला एवढी नावे सुचवत नाहीत. थोड्याच काळात त्या तऱ्हेचे मथळे जगभर पसरले आणि मराठीत येऊन 'नेमकं काय घडलं?', 'वाचा सविस्तर', 'कारण वाचून बसेल धक्का' या रूपांत स्थिरावले. सविस्तर वाचायला गेले, तर सविस्तरात तेच वाक्य तीनदा असते. २०१४ च्या ऑगस्टात फेसबुकने असल्या मथळ्यांना पंगतीत शेवटचा पाट देण्याचे जाहीर केले. ओळखायची रीत सोपी होती: माणूस बातमीवर गेला आणि लगेच परत आला, तर त्याला तिकडे काही मिळाले नाही असे समजायचे. हे शेजारणींना पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे. जी व्यक्ती हळदीकुंकवाहून पाच मिनिटांत परतते, तिला तिथे नुसते कुंकूच मिळालेले असते.

पाककृतींची तर कथाच निराळी. एखाद्या नवख्या गृहस्थावर एकादशीला साबुदाण्याची खिचडी करण्याची वेळ येते. साबुदाणा किती वेळ भिजवायचा, एवढा त्याचा एकच प्रश्न. तो फोन उघडतो. पान सुरू होते लेखिकेच्या आजोळापासून. आजोळी विहीर असते. मग साबुदाण्याचा उगम येतो: तो ज्या कंदापासून होतो तो मूळचा दक्षिण अमेरिकेतला, भारतात आला पोर्तुगीजांबरोबर, आणि आज साबुदाण्याचे कारखाने तामिळनाडूत सेलमच्या आसपास दाटलेले. माहिती खरी आहे, रंजकही आहे. उपवासाला कांदा न चालणारा आपला समाज अटलांटिकपलीकडचा कंद मिटक्या मारत खातो, हे कळल्यावर इतर कोणत्याही दिवशी माणूस थबकला असता. पण कढईतले जिरे करपत असते. पुढे खिचडीचे फायदे. मग तोटे. मग वरून एक जाहिरात घसरते आणि तिची तिळाएवढी फुली दाबताना दुसरेच पान उघडते. परत यावे, तर आजोळ पुन्हा पहिल्यापासून. हे सारे पाल्हाळ वाचणाऱ्यासाठी नसतेच. ते शोधयंत्राने वरचा क्रमांक द्यावा आणि जाहिरातींना मधे मधे बसायला जागा मिळावी, म्हणून घातलेले असते. शेवटी गृहस्थ बहिणीला फोन करतो. ती म्हणते, "धुऊन निथळ आणि रात्रभर ठेव की, एवढं काय विचारायचं त्यात!" पुढच्या एकादशीला तो वेबसाइटवर जात नाही. बहिणीकडेच जातो, आणि जेवायच्या वेळेला जातो.

परत येण्याची ओढ लावणे ही कला मराठीला नवी नाही. हरि नारायण आपट्यांनी १८९० मध्ये 'करमणूक' हे साप्ताहिक काढले आणि 'पण लक्षात कोण घेतो!' ही कादंबरी त्यातून हप्त्याहप्त्याने दिली. यमूचे पुढे काय झाले, या काळजीत वाचक आठवडा काढायचे. त्या एका 'क्रमशः'ने जे साधले ते आजच्या हजार सूचनांना साधत नाही. आणि १९७३ मध्ये जयंतराव साळगावकरांनी सुरू केलेले कालनिर्णय? पुढच्या बाजूला तिथी, मागच्या बाजूला लेख आणि पाककृती. मागचे वाचायचे, तर ते खिळ्यावरून काढावे लागते किंवा भिंतीला गाल लावून, मान वाकडी करून वाचावे लागते. इतकी गैरसोय असूनही घरातला प्रत्येक माणूस दिवसातून एकदा तरी तिथे जातोच. कोणी संकष्टीचा चंद्रोदय बघायला, कोणी सुट्टी कधी ते बघायला, आणि गृहिणी दुधाचे खाडे लिहायला. वाचकाने स्वतः मजकुरात भर घालावी, म्हणून आजच्या कंपन्या कोट्यवधी खर्च करतात. कालनिर्णयाला ती भर दूधवाल्याच्या कृपेने फुकट मिळाली.

आजच्या वेबसाइटींचा नाद मात्र आग्रहाचा आहे. पाहुणा उंबऱ्यावर चपला काढत असतो तोवरच, 'तुम्हाला सूचना पाठवू का?' पाणी येण्याआधी, 'आमचे ॲप घ्या ना!' कुकी चालतील का, ठिकाण कळवाल का, वयोगट कोणता? स्थळ पाहायला आलेल्या मुलालाही पहिल्या पाच मिनिटांत इतके विचारत नाहीत. आणि एकदा आत बसला, की उठू द्यायचे नाही. २००६ मध्ये अझा रॅस्किन याने संपतच नाही असे पान घडवले. बोट खाली सरकवत जावे तसे पान वाढतच जाते. लग्नाच्या पंगतीतला वाढपी आठवावा: हात आडवा केला, पानावर वाकून झोपले, तरी बोटांच्या फटीतून जिलबी सुटतेच. त्या वाढप्याचेही हात कधीतरी दुखतात. या पानाचे दुखत नाहीत. रॅस्किनला पुढे त्याचा पश्चात्ताप झाला आणि त्याने तो जाहीरपणे बोलूनही दाखवला. आग्रहाने वाढलेले लोक खातात, हे खरे. पण दुसऱ्या दिवशी त्यांना त्या घरची आठवण पोट धरूनच येते.

या आग्रहाच्या ऐन भरात २०२१ मध्ये ब्रुकलिनमधल्या जॉश वॉर्डल या अभियंत्याने आपल्या जोडीदारणीसाठी, पलक शाहसाठी, शब्दांचा एक खेळ केला. पाच अक्षरांचा इंग्रजी शब्द, ओळखायला सहा संधी, आणि दिवसाला एकच कोडे. सुटले तरी एकच, न सुटले तरी एकच. पाच अक्षरी असे सुमारे बारा हजार शब्द निघाले. त्यातले माणसांना माहीत असलेले अडीचेक हजार शब्द पलकने निवडले. जाहिरात नाही, सूचना नाही, ॲप नाही. खेळाला नाव दिले वर्डल, आडनावावरच कोटी करून. १ नोव्हेंबर २०२१ रोजी तो खेळणारे होते ९०. दोन महिन्यांनी, २ जानेवारीला, तीन लाखांहून जास्त. महिनाअखेरीस न्यूयॉर्क टाइम्सने तो खेळ दहा लाख डॉलरांच्या वरच्या रकमेला विकत घेतला. आणखी हवे, म्हणून खेळणारे तळमळत आणि वेबसाइट म्हणे, आता उद्या. दुपारी बारालाच संपणाऱ्या मिसळीपुढची रांग ज्याने पाहिली आहे त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. तोच खेळ मराठीत आणायचा, तर मात्र आधी 'लक्ष्मी' हा शब्द दोन अक्षरी, तीन अक्षरी की पाच अक्षरी, यावर एक परिसंवाद घ्यावा लागेल, आणि त्या परिसंवादाला खेळापेक्षा जास्त लोक रोज परत येतील.

रोज एकच, हे व्रत याच्याही आधीपासून चालवणारे दोन खगोलशास्त्रज्ञ आहेत. रॉबर्ट नेमिरॉफ आणि जेरी बॉनेल यांनी १६ जून १९९५ पासून नासाच्या छत्राखाली 'दिवसाचे खगोलचित्र' हे पान सुरू केले. पहिल्या दिवशी ते पाहिले गेले १४ वेळा. इतक्यावर आपल्याकडची कविसंमेलनेही रद्द करत नाहीत, त्यांनीही केले नाही. दिवसाला एक चित्र, खाली एका परिच्छेदात त्याची माहिती, की संपले. पानाची मांडणी अजून जवळपास त्या काळातलीच आहे: मध्यभागी अक्षरे, मध्यभागी चित्र. नव्या पिढीचा कोणी रचनाकार ते पाहून हळहळेल आणि ते नीट करून देण्याची तयारीही दाखवेल. त्याला कोणी हात लावू देऊ नये.

त्या पानाच्या तळाशी रोज एक ओळ असते: उद्याचे चित्र. तिच्यापुढे दोन-तीन शब्दांत उद्याची चुणूक. पुष्कळदा तिथे नुसते 'मोकळे अवकाश' एवढेच लिहिलेले असते, म्हणजे उद्या काय दाखवायचे ते त्यांचे स्वतःचेही बहुधा अजून ठरलेले नसते.